मुक्कामाची एसटी आणि भाड्याची खोली

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे, नाहीतर मुरबाडात धसई-टोकावड्याच्या अंगाला एखाद्या पाड्यावर जा आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलीला विचारा, कॉलेज किती लांब? ती किलोमीटर सांगत बसणार नाही, गाड्या सांगेल. रात्री गावात मुक्कामाला आलेली एसटी पहाटे किती वाजता सुटते, ती चुकली तर पुढची कधी, आणि संध्याकाळी परतीची शेवटची गाडी स्टँडवरून कधी निघते. या तीन वेळांच्या मध्ये जेवढं शिक्षण बसेल तेवढं तिच्या वाट्याला येतं. दुपारचं प्रॅक्टिकल लांबलं की शेवटची गाडी जाते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की मुक्कामाची गाडी गावापर्यंत येतच नाही. अशा दोन-तीन खेपा झाल्या की घरात कुणीतरी म्हणतं, "शहापुरात खोली बघायला पायजे."

हे वाक्य बोलायला सोपं आहे. पुण्यात खोली हवी असेल तर सदाशिव पेठेतल्या खांबाखांबांवर कागद चिकटवलेले असतात, कॉट बेसिसचे दर ठरलेले असतात, दलाल असतो. शहापूर आणि मुरबाड ही तशी विद्यार्थ्यांची गावं म्हणून वाढलीच नाहीत. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, आठवड्याचा बाजार, तहसील, एसटी स्टँड आणि आता नगरपंचायत असलेली. कॉलेजं मागाहून आली. शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय, मुरबाडजवळ शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप आणि गोटीराम पवार यांच्या नावांचं महाविद्यालय, आणि आसनगाव-सापगावच्या बाजूला इंजिनिअरिंगची कॉलेजं. कॉलेज आलं, पण त्यासोबत वसतिगृहांची आळी उभी राहिली नाही. त्यामुळे इथली खोली ओळखीच्या माणसांमधून शोधावी लागते.

इथल्या विद्यार्थ्यांचे प्रवाह दोन आणि ते उलट दिशांना वाहतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीत नंबर लागला म्हणून विदर्भ-खानदेशाकडून आलेला मुलगा आसनगाव स्टेशनवर ट्रंक घेऊन उतरतो. त्याला या गावातलं कुणीच माहीत नसतं. दुसरीकडे इथलीच मुलं पदवीसाठी कल्याण-उल्हासनगरकडे जातात, कारण हवा तो विषय तालुक्यात नसतो. कसारा मार्गावरच्या मुलांना निदान लोकल आहे. आसनगाव ते कल्याण सुमारे ३२ किलोमीटर, कसारा ते कल्याण त्याच्या दुपटीहून जास्त. पण कल्याणपुढे मुंबईकडे जशा गाड्या धावतात तशा कसाऱ्याकडे धावत नाहीत. एक लोकल सुटली की पुढचीची वाट बराच वेळ बघावी लागते. मुरबाडला तर अजून रेल्वे नाहीच. कल्याण-मुरबाड मार्गाची चर्चा इतकी वर्षं चालली आहे की ज्यांनी ती विद्यार्थी असताना ऐकली, त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत. तोवर मुरबाडकरांचा सगळा भार कल्याण-नगर रस्त्यावर.

म्हणून खोली बघण्याआधी एक हिशेब कागदावर मांडावा असं मी प्रत्येकाला सांगतो: रोज ये-जा केली तर किती आणि राहिलं तर किती. एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याचा साधारण एक तृतीयांश भागच भरावा लागतो. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे अधूनमधून येणाऱ्या आईचाही खर्च उतरला. नुसत्या पैशांत मोजलं तर ये-जाच स्वस्त पडते, यात शंका नाही. पण पहाटे चारला उठून चूल पेटवणारी आई, गाडीत उभ्याने गेलेले तास आणि हुकलेलं शेवटचं लेक्चर यांचा आकडा त्या कागदावर येत नाही. अकरावी-बारावी कला शाखेला ये-जा जमते. प्रयोगशाळा आली की ती जमेनाशी होते, असं माझं इतक्या मुलामुलींकडे बघून झालेलं मत आहे.

खोलीच्या आधी एक पायरी असते, ती म्हणजे नातेवाईक. मामा वाशिंदला, आत्या मुरबाडला, चुलता आसनगावच्या चाळीत. आपल्याकडचं सर्वांत जुनं वसतिगृह हेच, आणि ते शेकडो मुलांना पदवीपर्यंत घेऊन गेलं आहे. पण मुलगा आणि मुलगी यांना ते सारखं पडत नाही. मामाकडे राहणारा भाचा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसला तर "पोरगा अभ्यास करतोय" म्हणतात. भाचीने तेच केलं तर मोरीत भांडी थांबलेली असतात. तिच्याकडून भाडं कुणी मागत नाही आणि ती ते रोज देत असते. मुलीला नातेवाइकाकडे ठेवताना आईबापांनी तिच्या अभ्यासाचे तास मामीशी आधीच, प्रेमाने पण स्पष्टपणे बोलून घ्यावेत.

दुसरी पायरी सरकारी वसतिगृह. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय शहापुरात आहे, आणि ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी मुलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी शासकीय वसतिगृहं आहेत. जागा मात्र मोजक्या. प्रवेश गुणवत्तेनुसार होतो, त्यामुळे कित्येकांची नावं यादीबाहेर राहतात. अशा मुलांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना सुरू केली. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बारावीनंतरच्या शिक्षणासाठी जेवण, निवास आणि निर्वाह यांचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. मूळ निर्णयात मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांच्या शहरांसाठी ५१,००० आणि जिल्ह्याच्या इतर ठिकाणांसाठी ४३,००० अशी रक्कम होती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी याच धर्तीवर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी २०२३ मध्ये ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. तिच्यात तालुक्याच्या ठिकाणासाठी ३८,००० रुपयांचा वेगळा टप्पा आहे. शहापूर-मुरबाडसारख्या गावांना तो लागू पडतो.

हे आकडे एकत्र बघून मोठे वाटतात. पण ४३,००० मध्ये निवासाचा वाटा १२,००० धरला होता, म्हणजे महिन्याला १,०००. एकट्याने राहायला तो कुठेच पुरत नाही. तिघे-चौघे एका खोलीत राहिले तरच हिशेब जुळतो. शिवाय पैसे हप्त्यांनी येतात आणि खोलीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. अर्ज, छाननी, मंजुरी होईपर्यंत दिवाळी उजाडते. पहिले चार महिने मुलाने स्वतःच्या खिशातून काढायचे, असा त्याचा अर्थ. ज्या घरातून मूल पहिल्यांदाच कॉलेजात चाललंय, तिथे नेमका हाच खिसा रिकामा असतो. त्यामुळे योजनेचं नाव ऐकून खोली घेणाऱ्याने निदान चार महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट कुठून उभं करायचं ते आधी ठरवावं.

या सगळ्यातली खरी गाठ आहे ती कागदाची. योजनेच्या अर्जाला तुम्ही भाड्याने राहता याचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा भाडेकरार. तालुक्याच्या गावातला घरमालक सगळं देईल, पाण्याची कळशी देईल, तापात पेज करून देईल, पण सही मागितली की थबकतो. त्याला वाटतं, कागद झाला की पोरं खोली सोडणार नाहीत, करवाले येतील, उगाच झंझट. या भीतीपायी मुलाची वर्षाची रक्कम अडकते.

भीती घालवायला कायदा काय म्हणतो ते सांगावं लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं ५५ वं कलम असं: भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कागदच नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे कागद नसण्यात जास्त धोका मालकाचा आहे. हे मालकाला शांतपणे समजावून सांगितलं तर पुष्कळदा तो तयार होतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये तो फक्त ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी देतो. घराचा ताबा कायद्याने त्याचाच राहतो. करार म्हणूनच त्याच्या फायद्याचा.

खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. समजा भाडं ४,००० रुपये, मुदत ११ महिने, डिपॉझिट १०,०००. भाडं झालं ४४,०००, व्याज नऊशेच्या आसपास, आणि त्यावर शुल्क सव्वाशेच्याही आत. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, शहरी भागात १,०००. चौघांत वाटली तर प्रत्येकी एका प्रवासाइतकी. सायबर कॅफेवाला यावर स्वतःची फी लावतो, ती मात्र आधी विचारून घ्यावी.

एक अडचण मात्र कायद्याने सुटत नाही. अकरावी-बारावीचं मूल सोळा-सतरा वर्षांचं असतं आणि १८ पूर्ण झाल्याशिवाय त्याच्या सहीला करारात किंमत नाही. सही पालकाची लागते. कातकरी कुटुंबांतली बरीच माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलगा शहापुरात, बाप भिवंडीकडे नाहीतर पनवेलकडे भट्टीवर, आणि कराराला त्याचा अंगठा हवा. त्यामुळे हे काम जून-जुलैमध्ये, आईबाप गावात भातलावणीला असतानाच उरकून घ्यायला हवं. हे शिक्षकांनी वर्गात सांगितलं पाहिजे, कारण घरी सांगणारं कुणी नसतं.

आता प्रत्यक्ष खोली. आसनगाव स्टेशन ते शहापूर हा पट्टा, वाशिंद स्टेशनचा परिसर आणि मुरबाडात स्टँडच्या आजूबाजूची वस्ती, इथेच प्रामुख्याने शोधाशोध होते. आणि इथे विद्यार्थ्याला स्पर्धा कामगाराची असते. मुरबाडला एमआयडीसी आहे, वाशिंदला पोलादाचा कारखाना आहे, आसनगावला कारखाने आहेत. कंपनीतला मुलगा बाराही महिने राहतो आणि पगाराच्या दिवशी भाडं देतो. विद्यार्थी मेमध्ये खोली सोडतो. घरमालकाने कामगाराला पसंत केलं तर त्याच्यावर रागावता येत नाही. पण त्याला पटवता येतं. शाळामास्तर, पोस्टमन, दवाखान्यातली सिस्टर, किराणा दुकानदार, मेसवाल्या मावशी, यांपैकी कुणाच्या तरी शब्दावर मुलांना खोली मिळते. मेसवाल्या मावशींना तर कुठली मुलं यंदा पास होऊन जाणार आणि कुठली खोली रिकामी होणार, हे एप्रिलमध्येच ठाऊक असतं. नव्या मुलाने आधी महिनाभराचा डबा लावावा आणि मग मावशींकडे खोलीची गोष्ट काढावी.

खोली दाखवतात जूनमध्ये. तेव्हा सगळं हिरवंगार, टाकी भरलेली, मालकीण म्हणते पाण्याला तोटा नाही. तिचं म्हणणं जूनपुरतं खरं असतं. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. तानसाचं धरण तर १८९२ सालचं. मुंबईच्या नळाला जाणारं पाणी इथून जातं, आणि याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ही गोष्ट सांगताना मला आजही शांत राहता येत नाही. खोली बघणाऱ्याने म्हणून एकच प्रश्न विचारावा: एप्रिलमध्ये पाणी कुठून येतं? बोअर असेल तर ती उन्हाळ्यात आटते का? नळ असेल तर किती दिवसांआड? परीक्षा मार्च-एप्रिल-मेमध्ये असतात. ऐन परीक्षेच्या पहाटे विहिरीवर रांगेत उभं राहावं लागणार असेल तर स्वस्त खोली महाग पडते. हा प्रश्न मालकाला विचारू नये, शेजारणीला विचारावा. ती खरं सांगते.

दुसरं, पत्रा. कोकणपट्टीतला पाऊस इथे सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन थडकतो. मी शिकताना पत्र्याच्या खोलीत राहिलो आहे. जुलैच्या रात्री त्या आवाजात मोठ्याने वाचलेलं स्वतःला ऐकू येत नसे, आणि वह्या आम्ही दोरीवर टांगलेल्या पिशवीत ठेवायचो, कारण जमिनीला ओल यायची. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर गडद पट्टा दिसला तर समजावं की ओल इथवर चढते. नवा रंग लावलेली भिंत असेल तर हात लावून बघावा.

विजेच्या बिलावरून सर्वांत जास्त भांडणं होतात, आणि त्यात मालक दरवेळी लबाडच असतो असं नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: पहिल्या १०० युनिटना कमी दर, १०१ ते ३०० ला जास्त, पुढे आणखी. पाच खोल्या एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांचा वापर एकत्र होऊन बिल वरच्या टप्प्यात जातं. मुलं म्हणतात आम्ही तर एक दिवा आणि एक पंखा लावतो. तेही खरं. स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम. नसेल तर खोलीला सबमीटर आहे का आणि युनिटचा दर काय, हे करारातच लिहावं. इंडक्शनची शेगडी चालेल का, हेही तिथेच.

मुलींच्या खोलीबद्दल आईबाप पहिल्यांदा कुलूप आणि खिडकी बघतात. त्यांनी संडास बघावा. तो खोलीच्या आत आहे की चाळीच्या टोकाला, वाटेवर दिवा आहे का, दार आतून लागतं का. स्टँडपासून खोलीपर्यंतची वाट दिवसा बघू नये, संध्याकाळी साडेसातला चालून बघावी. मालकीण त्याच घरात राहत असेल तर थोडी टोकाटोकी सोसावी लागते, पण आजारपणात तीच उपयोगी पडते. आणि रूम पार्टनर किंवा सीनियर मुली छळत असतील तर ती बाब 'कॉलेजबाहेरची' म्हणून सोडता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम कॉलेजबाहेरच्या खासगी वसतिगृहांनाही लक्षात घेऊन केले आहेत. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक आहे.

आता जे बोलायला लोक टाळतात ते. खोली विचारायला गेलं की पाणी दिलं जातं, गाव विचारलं जातं, आणि मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर काही दारांत खोली अचानक "कालच दिली" होते. कातकरी मुलाला हे वाक्य पाठ असतं. याला आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला घर मिळालं नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उघडली, ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून: गावात मुलाला खोली नाही, तर शाळा उघडून उपयोग काय? अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्याच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून एका विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. पोरांनी आपलं धान्य आपण आणायचं, आपणच शिजवायचं, श्रम करून शिकायचं.

शहापूर-मुरबाडला मला त्या साताऱ्याच्या बोर्डिंगची आठवण येते, कारण इथली मुलं नकळत तेच करतात. गावाहून येताना तांदूळ आणतात. भाताचा तालुका असल्याने दर घरात तांदूळ असतोच. डाळ, तेल वर्गणीतून. एकाची पाळी भाताची, एकाची भाजीची, एकाची भांड्यांची. कुणी कुणबी, कुणी आगरी, कुणी ठाकूर. ज्या दारात आडनाव विचारलं गेलं त्याच गावात चार आडनावांची मुलं एका कुकरमधलं खातात. म्हणून गटाने खोली मागायला जाणं जास्त फायद्याचं. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने पुढे व्हायचं आणि करारात सगळ्यांची नावं घालायची. एकाच्या नावावर खोली आणि बाकीचे 'पाहुणे', हा प्रकार टाळावा. योजनेचा अर्ज करताना ज्याचं नाव कागदावर नाही त्याचंच नुकसान होतं, आणि बहुधा तोच मुलगा असतो ज्याला पैशांची सर्वांत जास्त गरज आहे.

डिपॉझिट देताना चिठ्ठीवर का होईना पावती घ्यावी, शक्यतो यूपीआयने द्यावं म्हणजे नोंद राहते. खोलीत शिरताना भिंती, पंखा, नळ यांचे मोबाईलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. सोडताना किती दिवस आधी सांगायचं, तेही लिहावं. घरमालक भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देतात, त्यासाठी आधारची प्रत मागतात. ती देताना त्यावर "फक्त भाडेकरारासाठी" असं लिहून सही करावी.

राहता राहिला मे महिना. परीक्षा संपतात, मुलं गावी जातात, आणि मालक म्हणतो खोली धरून ठेवायची तर दोन महिन्यांचं भाडं द्या. ही मागणी बेकायदा नाही, पण तिचं ओझं मोठं आहे. काही घरं मात्र अशी आहेत जिथे काकू म्हणतात, "सामान माळ्यावर ठेवा, बाकी जूनमध्ये बघू." गादीची वळकटी, कुकर, दोन पातेली आणि पुस्तकांची गोणी माळ्यावर जाते, वर सुतळीने चिठ्ठी बांधून. शहापुरात नाहीतर मुरबाडात नवीन असाल तर सीनियर मुलांना भाडं आणि डिपॉझिट नंतर विचारा. आधी विचारा, उन्हाळ्यात तुमच्या गोण्या कुणाच्या माळ्यावर असतात.